रिकामी गेलेली हाक

उलामिलाने केवड्याची पानं हलकेच बाजूला सारली आणि पोटावर आणखी हातभर पुढे सरकली. काट्यांनी कोपरं सोलपटून निघाली, झग्याला लाल माती लागली, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. समोर कड्याच्या टोकावर गावच्या बायका पानांच्या माळा घालून उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे, काठी रोवून, तिची थोरली नणंद लोसेना. मागे गवतावर पाहुणे कॅमेरे सरसावून बसले होते. खाली आखात पसरलं होतं. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे खडकसुद्धा दिसत होते.

लोसेनाने हाक घातली.

बायकांनी तिच्या मागोमाग सूर धरला आणि उलामिलाच्या अंगावर काटा आला. ही हाक तिला पाठ होती, पण आजवर ती ऐकली होती डोंगराच्या पलीकडून, कसावा कंदांच्या मळ्यात बसून, वारा जेवढी आणून देईल तेवढी. वन्सं डोळे मिटून गातात, गाताना त्यांची हनुवटी थरथरते, हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं.

फार फार पूर्वी वुनितारा गावच्या कोळ्यांनी या नासोले गावच्या मायलेकींना होडीत घालून पळवलं होतं. समुद्र खवळला, कोळ्यांची पाचावर धारण बसली आणि त्या दोघी कासवं होऊन पाण्यात उतरल्या. तेव्हापासून नासोलेच्या बायकांनी कड्यावरून हाक घातली की आखातातली कासवं वर येतात. मात्र वुनिताराचं एक जरी माणूस आसपास असलं, अगदी झाडामागे दडलेलं का असेना, तर एकही कासव डोकं काढत नाही.

आणि उलामिला वुनिताराची लेक होती.

पंचवीसेक वर्षांपूर्वी ती वाइसाकेशी लग्न करून नासोलेत आली, तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "तू आमचीच गं, पण हाकेच्या दिवशी तेवढी डोंगरापलीकडे जात जा." ती मुकाट्याने जात आली. पोरं बापाच्या गावची धरतात, त्यामुळे तिच्या दोन्ही मुलांनी बापाच्या खांद्यावर बसून कासवं पाहिली. कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या लोकांनी पाहिली. एका पाहुण्याच्या तान्ह्या बाळाने पाहिली आणि ते बघता बघता झोपी गेलं. पाहिली नव्हती ती फक्त तिने.

आज सकाळी, तिच्या घरी पाहुणी म्हणून उतरलेल्या टेसाने खोबऱ्याच्या दुधात कसावा बुडवता बुडवता सहज विचारलं होतं, "वर येतात म्हणजे कशी येतात? आधी पाठ दिसते की डोकं?"

उलामिलाच्या हातातला डाव तसाच राहिला. पंचवीस वर्षं या गावात काढून तिला एवढंही सांगता येत नव्हतं. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. सासू-सासऱ्यांना तिने या गावात मूठमाती दिली, देवळाच्या चटया तिने विणल्या, वादळात लोसेनाचं छप्पर उडालं तेव्हा रात्रभर पत्रे धरून बसली ती. आता कासवांनी तरी आपल्याला नासोलेची म्हणायला नको का? आधी पाठ की डोकं, एवढंच तर बघायचं होतं.

कड्यावर हाक संपली. आखात गप्प होतं. लोसेनाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उलामिलाचे डोळे पाण्यावरून हटेनात. या खडकापाशी? नाही. तिकडे काळं काही हललं का? ढगाची सावली होती ती. दुसऱ्यांदा हाक संपली आणि पाण्यावर साधा बुडबुडाही उठला नाही.

लोसेनाने काठी उचलली आणि बायकांकडे वळून शांतपणे म्हणाली, "वुनिताराचं कुणीतरी आलंय इथं."

उलामिला आली तशी मागे सरकली आणि उतारावरून जी धावत सुटली ती थेट मळ्यात. धाप लागली होती. कासवांनी तिला तिची जागा दाखवली होती. तिने एक कसावा उपटला, मग दुसरा, आणि मग खाली बसून थोडं रडून घेतलं.

लाकडी नगाऱ्याचा आवाज आला तशी ती टोपली घेऊन परतली. सभाघरात सगळा गाव जमला होता. मधोमध यांगोनाचं, मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, मोठं भांडं होतं आणि पलीकडे गावचे मुखिया रातू सेवानाया मांडी घालून बसले होते. पाहुण्यांना अर्धवर्तुळात बसवलं होतं, आणि उलामिलाचा नवरा वाइसाके, जो त्यांना रिसॉर्टवरून होडीने घेऊन यायचा, तो एकेकाचं बोलणं आपल्या भाषेत सांगत होता. ही जुनी रीत होती. हाक रिकामी गेली की जमलेल्या प्रत्येकाने आपलं गाव सांगायचं. लोसेनाच्या हयातीत मात्र ही वेळ कधी आली नव्हती.

उलामिला दारातच थांबली.

"हे दोघं जपानचे," वाइसाके सांगत होता. "हे आजोबा जर्मनीचे. म्हणतात, आमच्याकडे समुद्रच लांब, आम्ही कुणाच्या बायका पळवणार?"

सगळे खदखदून हसले. आजोबाही हसले. मग टेसाची पाळी आली आणि ती उभी राहिली. कुरळ्या केसांची, गोल खांद्यांची ही पोरगी न्यूझीलंडहून आली होती. बेटावर पाऊल ठेवल्यापासून जो तो तिच्याशी गावच्या भाषेत बोलायला लागायचा आणि तिला एक शब्द कळायचा नाही, मग ती कानापर्यंत लाल व्हायची.

"मला माहीत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "मी तान्ही असताना आई-बाबांनी मला सुवातून दत्तक घेतलं. मी फिजीचीच आहे. पण कुठल्या बेटावरची, कुठल्या गावची, ते कुणालाच सांगता आलं नाही. मी खूप शोधलं."

वाइसाकेने ते सांगितलं. मग मागून एका म्हातारीने मांडीवर थाप मारली.

"वुनिताराची! अगं ही वुनिताराची!"

आणि एकच गलका झाला. वुनिताराचं माणूस नासोलेत सापडलं की त्याला सोडायचं नाही, ही दोन्ही गावांची परंपराच. टोमणे मारायचे, पाणी ओतायचं, तोंडाला पावडर फासायची आणि वर पोटभर जेवू घालायचं. "आली बघा चोरांची लेक!" "अजून कुणाला पळवायला आलीस गं?" "नाक बघा, अगदी वुनिताराचं, सगळीकडे खुपसणारं!" कुणीतरी करवंटीभर पाणी तिच्या डोक्यावर उपडं केलं. टेसाला काय चाललंय कळेना. वाइसाकेने तिच्या कानात सगळं सांगितलं, तशी ती मटकन खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली.

"मग तर ही उलामिला तुझी आत्या झाली!" वाइसाके म्हणाला. "बघ, आत्याच्याच घरी उतरलीस आणि पत्ता नाही!"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. उलामिला हसली. हसायलाच हवं होतं. तिच्यावर कुणाचा संशय नव्हता, ती सुटली होती. फक्त लोसेना हसत नव्हती. ती उलामिलाच्या कोपरांकडे बघत होती, आणि तिथून तिची नजर झग्यावरच्या लाल मातीकडे गेली. मळ्यातली माती काळी होती. लाल माती होती ती फक्त डोंगरमाथ्यावर.

लोसेनाने यांगोनाची करवंटी घेतली, एका घोटात रिकामी केली आणि पुढे सरकवली.

दुपारभर टेसाने उलामिलाची पाठ सोडली नाही.

"वुनितारा कसं आहे, आत्या?"

'आत्या' हा शब्द ती नुकताच शिकली होती आणि येता जाता वापरत होती.

उलामिला चुलीवरचा नीरफणस फिरवता फिरवता सांगू लागली. गावाच्या मागे झरा आहे, त्याचं पाणी दातांना झोंबतं. तिथली माणसं उगाच मोठ्याने बोलतात, भांडतायत असं वाटतं. मासा भाजताना पोटात लिंबाची पानं भरतात, इथल्यासारखा नुसता नाही टाकत विस्तवावर. थोरला भाऊ जोसेवा देवळात गातो आणि नेमका वरच्या सुराला घसरतो. सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं की या घरात तिला वुनिताराविषयी इतकं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग ती आणखी सांगत बसली. टेसा गालाला हात लावून ऐकत होती आणि मध्येच स्वतःच्या हातांकडे बघत होती, जणू काही ते आज नव्याने मिळाले होते.

"मी आईला फोन केला," टेसा म्हणाली. "ती इतकी रडली की बाबांनी फोन घेतला. परवा वाइसाके मला वुनितारात सोडणार आहेत. मी तिथे जाऊन काय म्हणायचं, आत्या? मी तुमची आहे, असं सरळ म्हणायचं?"

उलामिलाने नीरफणस फिरवायचा थांबवला आणि त्याची एक बाजू करपली. या पोरीचं नाक, कपाळ, पायाची बोटं, सगळं तिने चोरून पाहून घेतलं होतं. आपल्या माणसांपैकी कुणाचा तरी तोंडवळा सापडेल म्हणून. कधी सापडल्यासारखा वाटायचा, कधी नाही. आणि केवड्यात कोण दडलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ही पोर परवा जोसेवाच्या दारात उभी राहील आणि म्हणेल, कासवांनी मला ओळखलं. आणि कासवांनी ओळखलं असेल ते हिच्या आत्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला बायका जाळी घेऊन प्रवाळांवर उतरल्या. लोसेना गुडघाभर पाण्यात एकटीच पुढे उभी होती. उलामिला तिच्यापाशी गेली आणि तिने जाळ्याचं दुसरं टोक धरलं.

"वन्सं, काल मी वर होते. केवड्यात."

"माहितीये," लोसेना पाण्यातून नजर न काढता म्हणाली. "कोपरांना तेल लाव. चिघळतील."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"तू बोलतेस का ते बघत होते. पंचवीस वर्षं दम धरलास आणि आता म्हातारपणी केवड्यात शिरायची हौस आली?"

"वाटलं, आता तरी मला इथली मानतील."

लोसेनाने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग जाळं झटकलं.

"मासे पळवलेस माझे. बोल, काय म्हणणं आहे तुझं?"

"आज पुन्हा हाक घाला. मी मळ्याच्याही पलीकडे जाते, ओढ्यापाशी. पोरीला एकटीला बसू दे वर. कासवं नाही आली तर ती वुनिताराची. आली तर..."

"आली तर काय सांगायचं तिला?"

"खरं काय ते."

"खऱ्याची फार आवड तुला." लोसेनाने एक छोटा मासा सोडवला आणि पुन्हा पाण्यात टाकला. "काल हाक रिकामी गेली माझी. आयुष्यात पहिल्यांदा. रिसॉर्टवाल्याने वाइसाकेकडे निरोप धाडलाय, आजही काही दिसलं नाही तर उद्यापासून पाहुणे धबधब्यावर नेणार म्हणून. आज ती यायला हवीत, कळलं? मी तिच्यासाठी म्हणून वेगळी गाणार नाही. आली तर आली."

"तेच म्हणते मी."

"जा मग. तिला तूच सांग. तोंड तुझं आहे."

सांगणं सोपं नव्हतं. उलामिलाने टेसाला नारळीखाली बसवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. कोपरंही दाखवली. टेसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आधी ओठांवरून गेलं आणि मग डोळ्यांतून.

"म्हणजे तुमच्यामुळे नसतील आली."

"असेल तसंही. नसेल तसंही. म्हणून तर आज बघायचं."

"नसतं सांगितलं तर मला कळलंही नसतं."

"हो ना," उलामिला म्हणाली. तिलाही अगदी तसंच वाटत होतं.

टेसा बराच वेळ वाळूत बोट फिरवत राहिली. मग उठली, कपडे झटकले. "सगळे जण, कासवं यावीत म्हणून बसतील तिथे," ती म्हणाली, "आणि मी एकटी येऊ नयेत म्हणून."

उलामिला मळा ओलांडून ओढ्यापाशी गेली आणि एका दगडावर बसली. टोपली शेजारी ठेवली. आज तिला काहीच बघायचं नव्हतं. कान मात्र डोंगराकडे लागले होते.

वारा तिच्या बाजूचा होता. लोसेनाचा आवाज आला, काल होता त्याहून खणखणीत. हाक सुरू झाली. आधी समुद्राची विनवणी, मग होडीची गोष्ट, मग वादळ. आणि सगळ्यात शेवटी मायलेकींची नावं घेऊन त्यांना वर बोलवायचं. ती नावं घेतली की कड्यावरून एकदम आरोळी उठायची, "आली, आली!" आणि मळ्यात बसलेली उलामिला समजून जायची.

वादळ संपलं. उलामिलाने मुठी आवळल्या.

नावं आलीच नाहीत. पुन्हा समुद्राची विनवणी सुरू झाली.

वाऱ्याने खाल्ली असतील, तिला वाटलं. ती उठून उभी राहिली आणि कानामागे हात धरला. होडी झाली. वादळ झालं. एका कोवळ्या आवाजाने नाव घ्यायला सुरुवात केली आणि कुणीतरी दटावल्यासारखा तो जागच्या जागी थांबला. मग काहीच नाही. ओढ्याचं पाणी तेवढं वाहत होतं.

उलामिला दगडावर परत बसली. लोसेनाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने ती हाक शेवटपर्यंत म्हटली असती. आईकडून शिकली होती ती, आणि आईने आजीकडून. आज पाहुण्यांसमोर, रिसॉर्टवाल्याच्या माणसासमोर, गावासमोर, तिने दोनदा हाक घातली होती आणि दोनदा ती त्या मायलेकींपर्यंत पोचूच दिली नव्हती.

उतारावरून दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि मागोमाग टेसा धावत आली, केस विस्कटलेले, पायात चप्पल नाही.

"आत्या! नाही आली! एकही नाही! दोनदा बोलावलं, एकही नाही!"

लोक 'आली, आली' म्हणून ओरडतात ना, तशीच ती ओरडत होती. तिने उलामिलाच्या गळ्यात हात टाकले. तिचं हृदय केवढ्याने धडधडत होतं ते उलामिलाला आपल्या छातीपाशी जाणवलं.

"तुम्ही तर इतक्या लांब होतात. म्हणजे आता नक्की ना? सांगा ना, आत्या. नक्की ना?"

खरं काय ते उलामिलाच्या अगदी जिभेवर आलं. सकाळपासून त्यासाठीच तर तिने एवढा खटाटोप केला होता. तिने टेसाच्या ओल्या गालाला चिकटलेली बट मागे सारली.

"वुनितारात गेलीस की आधी जोसेवाच्या घरी जा," ती म्हणाली. "मोठ्याने बोलेल, घाबरू नकोस. त्याला म्हणावं, उलामिलाने पाठवलंय, आणि ती म्हणते, ही आपली आहे."

टेसाने ते वाक्य दोनदा घोकलं.

माथ्यावर लोसेना येऊन उभी राहिली होती. काठीवर भार टाकून ती उतरू लागली. पलीकडून पाहुण्यांच्या होड्या सुटल्याचा आवाज येत होता.

"ए वुनितारावाल्यांनो!" ती वरूनच गरजली. "एकीने भागत नव्हतं म्हणून आता दोघी झालात! माझी इज्जत गेली ती गेलीच, आता निदान ती टोपली तरी उचला!"

ती जवळ आली तशी उलामिला तिच्यासमोर उभी राहिली. तिला पुष्कळ काही विचारायचं होतं. कासवांनी काल नेमकं कुणाला ओळखलं, ते आता कधीच कळणार नव्हतं. पोरीला नाही आणि तिलाही नाही.

"वन्सं," ती गावच्या भाषेत हळूच म्हणाली, "आज शेवटचं राहिलं."

लोसेनाने तिच्याकडे पाहिलं नाही. ती वाकून टेसाच्या अनवाणी पायाला खरचटलेलं बघत होती.

"वय झालं माझं," ती म्हणाली. "शेवटचं काही केल्या आठवेना."

टेसाने दोघींच्या तोंडांकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

उलामिलाने टोपली डोक्यावर घेतली.

"जेवायला चला म्हणतायत," तिने सांगितलं.